मादाम, मी संपलो!

जानेवारीतली गोष्ट. कॅनडात, मिसिसागाला, बाहेर उणे अठरा, आत आम्ही तिघं आणि फोनच्या पडद्यावर पुण्याहून सासूबाई. शनिवारचा नेहमीचा कॉल. इथे सकाळचे दहा, तिकडे जेवणं आटोपलेली. चिरंजीवांना ओढून आणून पडद्यासमोर उभं केलं, तर ते हात मागे बांधून म्हणाले, "आजी, तुम्ही कशा आहात? तुम्ही जेवलात का?"

तिकडे शांतता. मला वाटलं नेट अडकलं. सासूबाईंचा चेहरा तसाच, हातातला ताकाचा पेला तसाच. मग पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. म्हणजे नेट ठीक होतं.

"काय गं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी परकी झाले का याला?"

यातली जखम मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आजोबा 'अहो', वरच्या मजल्यावरचे काका 'अहो', पण आई 'तू', आजी 'तू', मावशी-आत्या 'तू' आणि पंढरपूरचा विठोबासुद्धा 'तू'. ज्याच्याकडे हट्ट करता येतो तो 'तू'. सात वर्षांच्या नातवाने आजीला 'तुम्ही' म्हणणं म्हणजे तिच्या मांडीवरून उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसणं.

खापर अर्थातच सुनेच्या डोक्यावर फुटलं. खरा गुन्हेगार वेगळाच होता. आदल्या आठवड्यात शाळेच्या डायरीत मादामची, म्हणजे त्याच्या फ्रेंच माध्यमाच्या शाळेतल्या बाईंची, चिठ्ठी आली होती: आपला मुलगा मला आणि बसच्या ड्रायव्हरला 'त्यू' म्हणतो, कृपया घरी सराव घ्यावा. फ्रेंचमध्ये 'त्यू' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही. (आपला तू आणि त्यांचा त्यू एकाच पणजीची पतवंडं. घर सोडून हजारो वर्षं झाली, नाक अजून तेच.) आता पोराने 'वू' शिकावं कुणाकडून? वर्गात मोठं माणूस एकच, आणि ते दिवसभर प्रत्येक मुलाला 'त्यू' म्हणतं. अशा शाळांतली, म्हणजे इमर्शनमधली, मुलं समोर कोण आहे हे न बघता 'त्यू' वाटत सुटतात, ही खोड कॅनडातल्या भाषातज्ज्ञांनी केव्हाच टिपून ठेवली आहे. मग मादामने नियम दिला: वयाने मोठं दिसलं की 'वू'. आमचे चिरंजीव नियमाला पक्के. त्यांनी नियम दप्तरातून घरी आणला, मराठीत उतरवला आणि पहिला बळी आजीचा घेतला. दुसरा माझा. "आई, तुम्ही माझे मोजे पाहिलेत का?" नवऱ्याला मात्र हे आवडलं. त्याला आजवर 'ए बाबा' ऐकायची सवय. 'बाबा, तुम्ही' कानावर पडल्यापासून तो दोन दिवस ताठ बसून जेवला.

तर, इमर्शन. सरळ अर्थ बुडवणं. आमच्या लहानपणी आम्ही शाळा बुडवायचो, आता शाळा मुलांना बुडवते. त्यासाठी पैसे घेते. किती घेते ते इथे लिहीत नाही, कारण सासूबाई हे सदर वाचतात.

पद्धत अशी. मुलाला फ्रेंच शिकवायची नाही. फ्रेंचमधून गणित शिकवायचं, चित्र काढायला लावायचं, डबा उघडायला सांगायचं, हातमोजा हरवल्याबद्दल रागवायचं. भाषा आपली आपण आत झिरपते. आमच्या ऑंटारियो प्रांताच्या सरकारी शाळांतही हे मिळतं आणि तिथे फुकट मिळतं. निम्मा तरी अभ्यास फ्रेंचमधून, आठवीपर्यंत एकूण किमान ३,८०० तास. पण फ्रेंच बोलणारे शिक्षक मिळता मिळत नाहीत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी जागा मोजक्या आणि प्रवेश सोडतीने. आमचा नंबर लागला नाही. सोडतीत नंबर न लागलेला मराठी मध्यमवर्गीय माणूस पुढे काय करतो हे म्हाडाच्या आसपास राहिलेल्यांना ठाऊक आहे. तो खासगी बिल्डरकडे जातो.

मी खासगी शाळेकडे गेले ती या जोरावर की मला फ्रेंच येतं. येतं म्हणजे बारावीला ९४ मिळाले होते. अकरावीला सायन्स घेतलं की मराठी सोडून फ्रेंच घ्यायची, हा तेव्हा पुण्यात शहाणपणा समजला जायचा. कारण मराठीत निबंध लिहावा लागतो आणि निबंधाला कुणी पैकीच्या पैकी देत नाही. फ्रेंच मात्र 'बाँझूर'पासून सुरू होते आणि क्रियापदं घोकली की गणितासारखे गुण देते. जन्मल्यापासून येणारी भाषा टाकून, अजिबात न येणारी भाषा घेऊन, तिच्यात जास्त गुण मिळवायचे, हा चमत्कार आमच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी वर्षानुवर्षं करून दाखवला आहे. त्या ९४ गुणांच्या बळावर पहिल्या दिवशी मी मादामसमोर उभी राहिले. ती काहीतरी छानसं बोलली. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न होता. मी माझं नाव सांगितलं. ती पुन्हा काही बोलली. मी माझं वय सांगितलं.

प्रवेशाआधी शाळेत 'पोर्त ऊव्हेर्त' झालं, म्हणजे दारं उघडी ठेवायचा दिवस. पालक पहिलीच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले. मुख्याध्यापकांनी सगळं शिक्षण फ्रेंचमधून कसं होईल ते पाऊण तास इंग्रजीत सांगितलं. मी मान वळवून पाहिलं: पंजाबी, तमिळ, चिनी, युक्रेनी, इराणी, गुजराती आणि मागच्या रांगेत आमच्यासारखीच दोन मराठी कुटुंबं, एकमेकांना न ओळखल्यासारखी. फ्रेंच आडनावाचं एकही कुटुंब नाही. ते कशाला येतील? त्यांच्यासाठी ऑंटारियोत वेगळ्या फ्रेंच सरकारी शाळा आहेत, फुकट.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एका गृहस्थांनी हात वर केला. त्यांचं इंग्रजी अजून दिल्लीच्या विमानतळावरच उभं होतं. ते म्हणाले, "उच्चार पॅरिसचे होतील ना?" वर्गाच्या मादाम कॅमेरूनच्या. तिथल्या राज्यकारभाराच्या दोन भाषांतली एक फ्रेंच, बाई तिच्यातच शिकून मोठ्या झालेल्या. आम्ही मात्र फ्रेंच शिकवायला आयफेल टॉवरच येणार असं धरून बसलेलो, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा जरा त्यांच्याकडे वळल्याच. बाईंनी हसून उत्तर दिलं, "मस्यू, उच्चार मिसिसागाचे होतील. इथल्या मुलांचे सगळ्याच भाषांत होतात."

त्याच क्षणी मी फी भरायचं ठरवलं. अशी बाई मराठीला मिळाली असती तर!

या खटाटोपाचं मूळ मात्र फार साधं आणि जरा हेवा वाटण्याजोगं आहे. माँट्रियलच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीपलीकडे, सेंट लॅम्बर्ट नावाचं उपनगर आहे. १९६०च्या दशकात तिथल्या काही इंग्रजी भाषक आईबापांच्या डोक्यात एक गोष्ट गेली: आपली मुलं वर्षानुवर्षं शाळेत फ्रेंच 'विषय' शिकतात आणि शेजारच्या फ्रेंच बाईला दोन वाक्यं बोलू शकत नाहीत. क्यूबेकमध्ये तेव्हा फ्रेंच समाज जागा होत होता, साहेबाची भाषा पुरे म्हणत होता. शिक्षण मंडळ या पालकांना फारसं विचारत नव्हतं. पालक हटले नाहीत. १९६५च्या सप्टेंबरात २६ मुलांचा एक बालवर्ग उघडला, तोही 'प्रयोग' म्हणून. नावनोंदणी पाच मिनिटांत संपली होती. म्हणजे प्रवेशाची धावपळ या पद्धतीच्या पत्रिकेतच आहे.

पाठीशी मॅकगिल विद्यापीठातली दोन वजनदार माणसं होती. एक मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड, दुसरे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट. (गावही लॅम्बर्ट, अभ्यासकही लॅम्बर्ट. आपल्याकडे असतं तर कुणीतरी भूखंडाची चौकशी लावली असती.) दोन भाषांनी मुलाच्या डोक्याचा गोंधळ होतो, बुद्धी मंदावते, असं त्या काळी शहाणी माणसंही म्हणत. १९६२ साली लॅम्बर्ट आणि एलिझाबेथ पील यांनी माँट्रियलच्या मुलांच्या चाचण्या घेऊन उलटंच दाखवलं होतं: दोन भाषा नीट येणारी मुलं मागे नव्हती, पुढे होती. पुढे सेंट लॅम्बर्टच्या मुलांवर लॅम्बर्ट आणि टकर यांचं पुस्तक १९७२ला आलं. मुलांचं इंग्रजी शाबूत होतं, गणित शाबूत होतं आणि फ्रेंच वरकमाई. तिथून हे लोण देशभर गेलं.

फक्त वाटेत शेजारीण हरवली. सेंट लॅम्बर्टच्या मुलांना फ्रेंच हवी होती ती कुंपणापलीकडे बोलायला. मिसिसागात आमच्या कुंपणापलीकडे एका बाजूला लाहोर आहे आणि दुसऱ्या बाजूला केरळ. लेकाची फ्रेंच शाळेच्या बसमधून उतरते आणि फाटकातच बसून राहते, दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला उचलून परत नेतो. २०२१च्या जनगणनेत क्यूबेक सोडून उरलेल्या कॅनडात इंग्रजी-फ्रेंच दोन्ही येतात असं सांगणारी माणसं निघाली साडेनऊ टक्के. सेंट लॅम्बर्टला तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती.

माँट्रियलला माझी एक मैत्रीण आहे, डोंबिवलीची. तिचा मुलगा आमच्याच मुलाच्या वयाचा. क्यूबेकच्या १९७७च्या भाषा कायद्याने, ज्याला सगळे 'बिल १०१' म्हणतात, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंचच. ती महिन्यातून एकदा फोन करून रडते: "अगं, बळजबरी आहे नुसती! पोराचं इंग्रजी कच्चं राहील." मी इकडून रडते: "अगं, फीचा हप्ता आला!" मध्ये साडेपाचशे किलोमीटर रस्ता. तिला जी गोष्ट सक्तीने फुकट मिळते, तीच मी हौसेने विकत घेते, आणि दोघींना वाटतं आपण फसलो. महाराष्ट्राने २०२०मध्ये सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा कपाळावर पडलेल्या आठ्या आठवा. त्यांतल्या निम्म्या आठ्यांनी मुलांना आधीच फ्रेंचच्या शिकवणीला घातलेलं होतं.

फ्रेंचला सध्या आणखी एक सुगंध आहे, तो गुणांचा. कायमच्या वास्तव्यासाठी कॅनडा जी निवड करतो तिच्यात २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी फेरी असते. सर्वसाधारण फेरीत पाचशेच्या वर गुण घेऊन लोक दारात ताटकळत असताना, फेब्रुवारी २०२४मध्ये फ्रेंचवाल्यांची एक फेरी ३३६ला निघाली. तेव्हापासून पुण्यातले पस्तिशीचे इंजिनियर रात्री दहाला क्रियापदं घोकतात. शेवटी सायन्सवाल्यांचंच खरं: फ्रेंच म्हणजे स्कोअरिंग.

पोराकडे वळते. वर्षभरात त्याला काय आलं? पुष्कळ आलं, आणि गमतीदार आलं. ज्वालामुखी कसा फुटतो ते तो फ्रेंचमध्ये न अडखळता सांगतो. पण घरातल्या उलथन्याला, उशीच्या अभ्र्याला, नाकातल्या शेंबडाला त्याच्याकडे फ्रेंच शब्द नाही, कारण वर्गात ज्वालामुखी असतो, अभ्रा नसतो. समजतं सगळं, बोलताना मात्र इंग्रजीचा सांगाडा आणि वर फ्रेंचचा कोट. वय सांगताना म्हणतो, 'झ स्वी सेत आं', म्हणजे 'मी सात वर्षं आहे'. फ्रेंच माणसं वय 'असत' नाहीत, वय 'बाळगतात'. त्यांच्या लेखी सात वर्षं जवळ असतात, खिशात असल्यासारखी. (आपल्याकडे वय 'लागतं'. त्याला आठवं लागलं. ठेच लागावी तसं.) हा वाक्प्रयोग कॅनडाभरच्या इमर्शनच्या मुलांच्या तोंडी इतका सापडतो की त्याला आता वारसा म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात मजा पालकसभेला आली. मादाम हसत हसत सांगत होती: गणिताची वही मिटून तुमचा मुलगा हात वर करतो आणि ओरडतो, 'मादाम, झ स्वी फिनी!' त्याला म्हणायचंय, माझं झालं. तो म्हणतोय, 'मादाम, मी संपलो!' बाई रोज त्याला सांगते, नाही रे बाळा, अजून सुरुवात आहे.

टोरांटोतल्याच मेरिल स्वेन यांनी याचं कारण १९८५मध्ये मांडलं. मुलं वर्षानुवर्षं ऐकतात भरपूर, बोलतात कमी. वर्गात एका शब्दात उत्तर दिलं तरी निभतं आणि मधली सुट्टी सगळी इंग्रजीत. मैदानावर उभी राहून मी हे ऐकलं आहे. घंटा वाजते, बर्फाचे बूट धाडधाड बाहेर पडतात आणि फ्रेंच दाराशी टोप्यांच्या खुंटीला टांगलेली राहते. मारामारी फ्रेंचमध्ये होत नाही. जिच्यात भांडता येत नाही, ती भाषा अंगवळणी पडायची कशी?

आकड्यांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. मार्चमध्ये चिरंजीव आजीला फोनवर मोठ्या दिमाखात हे ऐकवत होते. त्यांना वाटलं म्हातारी थक्क होईल. त्या म्हणाल्या, "चार विसा होय! अरे, आमच्या गावच्या बाजारात अशीच मोजायचे. तीन विसा पेंढ्या, चार विसा नारळ. हे तुला पैसे देऊन शिकवतात?"

इकडे मी चहात साखर घालायची विसरले. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस' अवघड म्हणून 'वीस सात' असं वाचायला सांगितलं, तेव्हा आम्ही इथे बसून फेसबुकवर केवढे तुटून पडलो होतो, आणि पडलो ते बरोबरच होतं. त्या बदलाच्या बाजूनेही बरेच बोलत होते: मराठी आकडे फारच अनियमित, एकोणऐंशी काय, त्र्याण्णव काय, पोरांवर अन्याय! आता त्यांच्यातलेच एकदोन जण माझ्याबरोबर शाळेच्या फाटकाशी उभे असतात आणि त्यांची पोरं चार-वीस-दहा-सात म्हणाली की टाळ्या वाजवतात.

आता मराठीचं. आमच्याकडे मराठी आहे. दर रविवारी दोन तास, वर्षातले तीस रविवार. कम्युनिटी सेंटरच्या तळघरात खूप प्रेमाने चालणारी शाळा, शिकवणाऱ्या सगळ्या बिनपगारी, त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण वर्गातून ऐकू येतं ते असं: "ओके चिल्ड्रन, क फॉर कमळ. व्हॉट इज कमळ? लोटस! व्हेरी गुड." मी हिशेब मांडला. दोन गुणिले तीस, वर्षाचे ६० तास. फ्रेंचचे ते ३,८०० तास मराठीला द्यायचे तर त्रेसष्ट वर्षं लागतील. चिरंजीव आज सात. म्हणजे सत्तराव्या वर्षी, ज्याला तो 'साठ-दहा' म्हणेल, त्याला मराठी पुस्तक वाचता येईल.

आणि घरी? घरी आम्ही त्याच्याशी मराठी 'बोलतो'. म्हणजे 'दूध फिनिश कर' आणि 'शूज काढ, मॅटवर ठेव'. भिंतीवर बाराखडीचा तक्ता आहे. रात्री पाच मिनिटं त्याच्यासमोर उभं करून 'याला काय म्हणतात?' असं विचारतो. सेंट लॅम्बर्टचे आईबाप ज्या पद्धतीला कंटाळून शिक्षण मंडळाच्या मागे लागले, नेमकी तीच पद्धत आम्ही मराठीसाठी मोठ्या काळजीने घरात राबवली. फ्रेंच त्याला माध्यम आहे आणि मराठी विषय. ज्या भाषेत त्याने जन्मतःच गटांगळ्या खायच्या, तिचे आम्ही चमच्याने थेंब पाजत होतो. बुडवायला मात्र लांबचं तळं निवडलं, फी भरून.

एप्रिलमध्ये सासूबाई आल्या. सुपर व्हिसावर. (व्हिसाचं खरंच तसं नाव आहे. 'सुपर' कोण हे त्यांनी आल्या दिवशीच स्पष्ट केलं.) त्यांनी पोस्टात तीस वर्षं काढली आहेत, इंग्रजी माझ्याहून बरं आहे. पण विमानतळावर नातवाने "हाय आजी, हाऊ वॉज युवर फ्लाइट?" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय म्हणतो रे? मला नाही हो इंग्रजी येत."

तेव्हापासून आजतागायत त्यांना इंग्रजी येत नाही. शेजारच्या केरळी बाईंशी कुंपणावरून तासभर बोलतात तेव्हा येतं. नातू दाराशी आला की जातं. सेंट लॅम्बर्टच्या बालवर्गात हेच होतं: मूल इंग्रजीत बोललं तरी चालायचं, बाईंना कळायचंही, पण त्या उत्तर द्यायच्या फ्रेंचमधूनच. सासूबाईंनी लॅम्बर्ट-टकर वाचलेले नाहीत. त्यांनी सून वाचलेली आहे.

शिकवत त्या काहीच नाहीत. तक्ता पहिल्याच आठवड्यात उतरवला, कारण त्या जागी त्यांना कालनिर्णय लावायचं होतं. त्या फक्त कामं सांगतात. "उलथनं आण." तो चमचा आणतो. "हा चमचा. उलथनं." तो झारा आणतो. "हा झारा. याला भोकं असतात, उलथन्याला नसतात." तिसऱ्या फेरीला उलथनं येतं, तोवर पोळी करपलेली असते आणि करपणं हेही क्रियापद येऊन जातं. "चष्मा कुठाय बघ, उशाशी असेल." उशाशी! दोन वर्षांच्या रविवारांत या शब्दाला तळघर चढून वर येता आलं नव्हतं. 'पायथ्याशी', 'कोनाड्यात' मागून आले. इथल्या घरांत कोनाडे नसतात, म्हणून त्यांनी मायक्रोवेव्हच्या वरच्या फटीला कोनाडा ठरवलं.

एक दिवस शाळेच्या बसपाशी मादाम आणि सासूबाईंची गाठ पडली. मादामने आदराने 'वू' लावून विचारपूस केली, सासूबाईंनी "छान चाललंय हो तुमचं" म्हणून तिच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला. माझे ९४ गुण मध्ये उभे होते. दोघींपैकी कुणालाही त्यांची गरज पडली नाही.

गेल्या आठवड्यात फेरप्रवेशाचा फॉर्म आला. रकाना आहे: घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा, क्रमाने लिहा. गेल्या वर्षी मी बेधडक 'मराठी, इंग्रजी' लिहिलं होतं. यंदा पेन घेऊन बसले आणि नवऱ्याला विचारलं, "पहिली कुठली लिहू?" तो म्हणाला, "डिपेंड्स." मी फॉर्म तसाच ठेवला आणि आत काय आरडाओरडा चाललाय ते बघायला गेले.

आत बदामसात रंगलं होतं. जमिनीवर पानांच्या चार रांगा, एकीकडे मांडी घालून आजी, दुसरीकडे पालथा पडलेला नातू. इस्पिकची सत्ती केव्हाची लागलेली आणि वरती सगळं अडलेलं. नातवाच्या हातात इस्पिकची नव्वी, दश्शी, गुलाम. तीन फेऱ्या सासूबाई निर्विकारपणे "पास" म्हणत होत्या. हातात लागण्याजोगं पान असताना पास म्हणायचं नसतं, हा नियम त्यांनीच त्याला शिकवलेला. शेवटी बाकी पानं संपली आणि त्यांनी अगदी आत्ताच सापडल्यासारखी इस्पिकची अठ्ठी काढून खाली ठेवली.

पोरगं ताडकन उठून बसलं. आधी इंग्रजीत ओरडलं, ते आजीला 'येत नाही'. मग मराठी शोधलं, शब्द सापडेना. मग लाल होऊन दातओठ खात फ्रेंचमध्ये एक शब्द फेकला.

"मला त्रिशूळ काय म्हणतो गं हा?" सासूबाईंनी मला विचारलं.

शब्द होता 'त्रिशझ'. माझ्या बारावीच्या पुस्तकात तो नव्हता. मी फोनवर शोधला: रडीचा डाव खेळणारी, लबाडी करणारी बाई. मैदानावर जे एकदाही ऐकलं नव्हतं ते माझ्या दिवाणखान्यात घडलं होतं, पोरगं फ्रेंचमध्ये भांडत होतं. मी फोन पालथा घातला. सासूबाई त्याच्याकडे वळल्या.

"त्रिशूळ म्हणजे काय रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"म्हणजे," तो पत्ते गोळा करत म्हणाला, "आजी, तू खूप छान खेळतेस."